ऋतू पालटला की बाळ पहाटे चारला उठतं: आमच्या घरात सापडलेली कारणं आणि उपाय

आमची मुलगी मृगातली. पहिले तीन महिने तिला रात्र काय नि दिवस काय, सारखंच होतं आणि त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. सप्टेंबरात मात्र घडी बसली. साडेआठला झोपायची, अकराला आणि दोनला पिऊन पुन्हा सहापर्यंत गुडुप. आम्ही नवराबायको शेजाऱ्यांकडे फुशारक्या मारायला लागलो होतो. दसरा झाला आणि ती रोज पहाटे चारला उठायला लागली. भूक नाही, शी नाही, ताप नाही. रडून रडून लाल व्हायची, पाच-सव्वापाचला कधीतरी थकून डोळा लागायचा, आणि तोवर माझी पहिल्या पाळीला निघायची वेळ झालेली असायची.

असाच प्रकार डिसेंबरात परत आला, फेब्रुवारी संपताना परत आला आणि पहिला पाऊस पडल्यावर चौथ्यांदा आला. दर वेळी वाटायचं, आता हे काहीतरी नवीनच. दात असतील, पोट असेल, दृष्ट असेल. चौथ्या खेपेला कुठे माझ्या डोक्यात पक्कं बसलं की दर वेळी आधी ती नेमकी किती वाजता उठते ते लिहून ठेवायचं आणि त्या वेळी खोलीत काय चाललंय ते मोजायचं, एवढं केलं तरी निम्मं निदान होतं. दर खेपेला आम्ही आधी बाळाला तपासत बसलो आणि खोलीकडे शेवटी बघितलं.

मी डॉक्टर नाही. नाशकात इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, कारखान्यात मशिनांच्या देखभालीचं काम करतो. बिघाड शोधायची सवय आहे, तेवढंच भांडवल.

ऑक्टोबरात आधी नेहमीचे सगळे उपाय करून झाले. झोपवताना जास्त पाजून बघितलं. सासूबाईंनी बाळगुटीची सहाण काढली, कोणीतरी ग्राइप वॉटरची बाटली आणून दिली. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दोन्ही बंद करायला लावलं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, कितीही उकाडा असला तरी पाणीसुद्धा नाही. त्यांनी वजन बघितलं, कान बघितले आणि बाळ ठणठणीत आहे म्हणून घरी पाठवलं. मग आईने एका संध्याकाळी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. आणि खरं सांगतो, त्या रात्री पोरगी सहापर्यंत झोपली.

आई आजही ते श्रेय सोडत नाही. मी मात्र सकाळी मोबाइल चार्ज झालेला नाही म्हणून चिडलो, तेव्हा कळलं की रात्री दोनच्या सुमारास गेलेली वीज साडेपाचला आली होती. म्हणजे साडेतीन तास पंखा बंद होता. दुसऱ्या रात्री दोनचं दूध पिऊन झाल्यावर मी मुद्दाम पंखा चारवरून एकवर आणला. साडेपाचपर्यंत हूं की चूं नाही.

त्यानंतर खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणलं. पाचशे रुपयांच्या आत मिळतं. घेताना दिवसातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारं घ्या, म्हणजे रात्री उठून बघत बसावं लागत नाही. बाळ झोपतं त्या उंचीवर ठेवा. खिडकीत, टीव्हीजवळ किंवा भिंतीला चिकटून ठेवलंत तर भलतेच आकडे येतात. आमचे त्या आठवड्यातले आकडे साधारण असे होते: रात्री नऊला २९.५ अंश, बाराला २७, पहाटे साडेचारला २२.५. एका रात्रीत सात अंशांचा उतार. आणि बाळाच्या अंगावर मात्र नऊ वाजता घातलेलं तेच बिनबाह्यांचं झबलं, वर पंखा चारवर.

घाटावर हे असंच असतं. पाऊस गेला की आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर गार होते. मुंबईत आणि कोकणात समुद्र हा उतार बराच सपाट करतो. म्हणून डोंबिवलीच्या वहिनींचा अगदी प्रामाणिक सल्ला आमच्याकडे लागू पडेना. त्यांच्याकडे रात्री दहाला जे घालावं ते सकाळपर्यंत चालतं. त्यात आमचा वरचा मजला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर कित्येक तास ते खाली सोडत बसतो. म्हणजे रात्रीचा पहिला भाग बाहेरच्यापेक्षा गरम आणि उघड्या खिडकीमुळे शेवटचा भाग एकदम गार.

आपण मोठी माणसं झोपेतच पाय काढून चादर ओढून घेतो. बाळाला ते जमत नाही. शिवाय वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ते लवकर गार होतं आणि लवकर तापतं. लहान तान्ह्यांना आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही आणि घामाची यंत्रणाही कच्ची असते. आणि गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, पहाटेची मुळातच हलकी. जो गारवा अकरा वाजता बाळाला जाणवलाही नसता, तो चार वाजता उठवतो.

उठण्याच्या वेळेवरून काय कळतं

झोपवल्यानंतर तास-दोन तासांत, अकरा-बाराच्या आत किरकिर करून उठत असेल तर आधी उकाड्याचा संशय घ्या. मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये हात घालून बघा. तिथे घाम, केस ओले, गाल लाल म्हणजे कपडे जास्त झालेत. तीन ते पाचच्या दरम्यान उठत असेल तर गारवा, ओला लंगोट किंवा या दोन्हींची जोडगोळी. कोरड्या लंगोटात २३ अंशांना काही होत नाही, ओल्या सुती लंगोटात तेवढ्यालाच थंडी वाजते. साडेपाचनंतर रोज थोडं थोडं लवकर उठत असेल तर उजेड.

तळहात-तळपाय बघून थंडी ठरवू नका. तान्ह्या बाळाचे हातपाय गारच लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या घरात निम्मी भांडणं या गार पायांवरून झाली. खरं काय ते छाती, पोट आणि मान सांगते.

एक गल्लत मात्र आमच्या बाबतीत झालीच असणार. ऑक्टोबरात ती चार महिन्यांची होती आणि त्याच वयात बाळाच्या झोपेची ठेवण बदलते, ती मोठ्यांसारखी टप्प्याटप्प्यांची होते. पण तसं उठणं रात्रभर विखुरलेलं असतं. दर दीड-दोन तासांनी, कुठल्याही वेळी. हवेमुळे उठणारं बाळ ठरलेल्या वेळेला उठतं. आठवडाभर वेळा कागदावर लिहा, दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसतो.

कपड्यांचं गणित

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि घरातल्या ज्येष्ठांशी सगळ्यात जास्त खटके उडतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ढोबळ नियम असा की आपल्याला त्या खोलीत झोपताना जेवढे कपडे पुरतात त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. उकाड्यात तोही नको. नऊ वाजताचा हिशेब करू नका, पहाटे चारला खोली किती असणार आहे त्याचा करा, आणि मधली तफावत पंख्याने भरून काढा. म्हणजे संध्याकाळी पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं नि पायजमा घालायचा, पंखा तीन-चारवर ठेवायचा आणि रात्रीच्या दुधाच्या वेळी तो एकवर आणायचा. कपडे बदलायला बाळाला उठवावं लागतं, पंख्याचं बटण फिरवायला नाही. आम्ही नंतर वेळ लावता येणारा रिमोटचा पंखा घेतला. माझ्या मते त्या वर्षीच्या खरेदीतली पाळण्यापेक्षाही उपयोगी वस्तू.

अंगावर सुटी चादर, दुपटं, गोधडी एक वर्षाच्या आतल्या बाळाला नको. पाय झाडून ती तोंडावर ओढली जाते, आणि तोंड झाकलेल्या बाळाला ती बाजूला करता येतेच असं नाही. थंडीसाठी झोपायची पिशवी मिळते, बिनबाह्यांची, खालून बंद, पुढे चेन. विकतच्या पिशव्यांवर टॉग नावाचा, पिशवी किती ऊब धरते ते सांगणारा आकडा असतो: ०.५ ची साधारण २४ ते २७ अंशांना, १ ची २० ते २४ ला आणि २.५ ची १६ ते २० ला. नाशकात ०.५ आणि १ वर आमचं भागलं, २.५ ची लागली ती जानेवारीतल्या आठ-दहा रात्री, निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत. एकीची किंमत बघून सासूबाईंनी आपल्या जुन्या सुती नऊवारीचे दोन थर घेऊन तशीच शिवली. शिवणार असाल तर गळा आणि बाह्यांची भोकं बेताची ठेवा, डोकं आत घसरता कामा नये. बंद, नाड्या, लोंबणारी बटणं नकोत. आणि जाड रजई भरलेली, वजनाने दाबणारी पिशवी कुठे मिळाली तरी घेऊ नका.

दुपट्यात गुंडाळणं पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतं. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागलं की त्या दिवसापासून बंद, कारण हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर स्वतःला उचलू शकत नाही.

आता कुंची. आई म्हणायची, “अरे, टाळूला वारं लागतंय तिच्या, कुंची घाल.” बाहेर नेताना, सकाळी गच्चीवर, जरूर घालावी. पण घरात झोपताना डोकं उघडं हवं. बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे सोडतं. तेच झाकलं तर तापलेलं अंग गार व्हायला वाट राहत नाही. डिसेंबरात आमची पोरगी स्वेटर, मोजे, कुंची आणि वर गोधडी अशा थाटात साडेअकराला घामाने चिंब होऊन उठायची, आणि आम्ही थंडी वाजली समजून आणखी एक थर चढवायचो. अति ऊब हा झोपेत बाळ अचानक दगावण्याच्या धोक्याशी जोडलेला घटक आहे, हे डॉक्टर बाईंनी आईला समोर बसवून सांगितलं तेव्हा कुंची रात्रीपुरती खुंटीला गेली. मी सांगून ती जाणार नव्हती.

त्याच बैठकीत मोहरीची उशीही गेली. उताणं झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-लोड-खेळणी काही नाही. आईबाबांच्या खोलीतच, पण बाळाची जागा स्वतंत्र. आमच्यासारखं दोघांच्या मध्ये घेऊन झोपत असाल तर तापमानाचं सगळं गणित चुकतं, कारण दोन्ही बाजूंनी दोन शेगड्या; आणि पांघरुणाखाली जाण्याचा धोका वेगळाच. आईची साडीची झोळी मात्र वादाचा विषय राहिली. झोळीत बाळ पटकन झोपतं हे खरं, पण मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि कापड तोंडाजवळ येतं. झोळीत झोप लागली की उचलून सपाट जागेवर, एवढ्यावर तह झाला.

हिवाळ्यातल्या दोन गोष्टी ज्या करू नयेत

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपा-वेखंडाची धुरी ही आपल्याकडची जुनी रीत, पण ती उघड्या सोप्याच्या, कौलांतून हवा खेळणाऱ्या घरांतली. खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच माणसं दगावतात. धुराने बाळाची श्वासनलिका सुजते ती निराळी. विजेचा हीटर वापरायचाच तर झोपण्याआधी अर्धा तास खोली गरम करून बंद करा.

दुसरं नाकाचं. थंडीत नाक चोंदलं की बाळ दर अर्ध्या तासाला उठतं, कारण तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात आणि पितानाही नाक मोकळं लागतं. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, डॉक्टरांना विचारून, एकेका नाकपुडीत. तेल-तूप नाकात घालू नका, ते फुप्फुसात उतरतं. कापराची पुडी गळ्यात बांधू नका, दोन वर्षांच्या आत कापराचे बाम चोळू नका; कापूर पोटात गेला तर झटके येतात. खोकल्यावर मध चाटवायचा मोह होतो, तो एक वर्षाच्या आत नको.

नाक चोंदणं आणि छाती भरणं यांत फरक असतो. बाळ शांत असताना मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध ओढत नसेल, उठवूनही सुस्त असेल, तर झोपेचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तेच.

फाल्गुन-चैत्र

फेब्रुवारीच्या शेवटी हवा दुतोंडी होते. दुपारी ३३-३४, पहाटे बाहेर १३-१४. होळी जळली की थंडी गेली असं आपण म्हणतो, आणि होळीच्या आधीच आईने पिशव्या-स्वेटर पेटीत टाकले. दोन रात्री गेल्या नाहीत तर पुन्हा चारचा भोंगा. दोन्ही ऋतूंचे कपडे चैत्रपाडव्यापर्यंत हाताशी असू द्या.

एप्रिलमध्ये उलट. स्लॅबखाली रात्री दहाला ३३ अंश, आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. ब्रिटनमध्ये बाळाची खोली १६ ते २० अंश ठेवा असं सांगतात. आमच्याकडे ते वाचून हसायला आलं. आम्हाला उपयोगी पडलं ते असं: गच्चीला चुना, संध्याकाळी सहाला गच्चीवर पाणी, पश्चिमेच्या खिडकीला दिवसभर बाहेरून ओलं गोणपाट, आणि बाहेरचा पारा खोलीपेक्षा उतरला की मगच खिडक्या उघडायच्या, जाळीसकट. दुपारी खिडक्या उघड्या टाकून हवा खेळवली की भट्टी घरात येते. एसी असेल तर २५-२६ वर आणि सोबत हळू पंखा, झोत बाळावर नको. नवीन एसी सुरू होतो तो २४ वर, कारण १ जानेवारी २०२० पासून तसा नियम आहे. तो बाळासाठी ठरवलेला आकडा नाही, हे ध्यानात असू द्या. या दिवसांत बाळ रात्री जास्त वेळा पितं. तहान असते ती, सवय बिघडली म्हणून पाजणं टाळू नका.

उजेडाचं थोडक्यात. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये सव्वासातपर्यंत रेंगाळतो आणि सकाळी सहाच्या आतच हजर होतो. आमची खिडकी पूर्वेची. जाड पडदा नव्हता तोवर काळी घोंगडी टांगली, काम झालं. सकाळी उठल्यावर मात्र बाळाला कोवळ्या उन्हात न्या. रात्र-दिवसाचं घड्याळ त्यानेच लागतं. बहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी घड्याळच तासभर मागे जातं आणि भाचा पाचऐवजी चारला उठून बसतो. तिने आधीच्या चार दिवसांत झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटांनी पुढे सरकवली आणि तिचं भागलं. आपल्याला निदान तेवढी तरी कटकट नाही. आपल्याकडे त्या दिवसांत दिवाळीचे फटाके असतात आणि त्यावर मला काही उपाय सापडलेला नाही.

पावसाळ्यात तापमान सपाट होतं, दिवसरात्र २५-२७, पण यंत्रावर आर्द्रता ८५ च्या वर गेली की तेच २७ अंश चिकट होतात, कारण घाम वाळतच नाही. पंखा इथे रात्रभर लागतो. आमची चौथ्या खेपेची अडचण मात्र निराळीच निघाली: घरात दोरीवर दोन दिवस वाळलेली झबली हाताला कोरडी वाटायची, पण शिवण ओलसर असायची. इस्त्री फिरवून घालायला लागलो आणि मानेवरचं पुरळ नि पहाटेची किरकिर दोन्ही चार दिवसांत गेली. डासांसाठी मच्छरदाणी, ताणून, गादीखाली खोचलेली. बंद खोलीत कॉइल लावायची नाही. मच्छरदाणीत वारा कमी लागतो, तेव्हा पंखा एक घर वाढवावा लागतो.

सध्या ती सव्वा वर्षाची आहे, बाहेर पुन्हा ऑक्टोबर लागलाय. यंत्राच्या शेजारी भिंतीला गेल्या वर्षीचा कागद अजून चिकटवलेला आहे. काल रात्री नऊला २९, आज पहाटे २३. पंखा दोन वाजता आपोआप एकवर आला. ती सव्वापाचला उठली, पण ते खालच्या दूधवाल्याच्या मोटारसायकलमुळे.